डोक्याचा फोटो

माझ्या थोरल्या मुलीच्या डोक्यात पाणी साठतं. हे कुणाला सांगितलं की लोक आधी माझ्याकडं कळवळून बघतात, मग तिच्याकडं बघतात आणि गोंधळतात, कारण ती अंगणात दोरीवरच्या उड्या मारत असते.

मेंदूभोवती पाणी सगळ्यांच्याच असतं. ते तयार होतं आणि आपोआप रक्तात जिरतं. तिचं जिरत नव्हतं. तान्ही होती तेव्हा माझ्या आईनं कळसहून शिवून पाठवलेली कुंची महिन्याभरात बसेनाशी झाली. आम्ही म्हटलं, बाळसं धरतंय. मग तिचे डोळे खाली ओढल्यासारखे दिसायला लागले, तेव्हा तिला बारामतीला नेलं आणि तिथून पुण्याला. पुण्यात ऑपरेशन करून एक बारीक नळी घातली. तिला शंट म्हणतात. ती डोक्यातून निघते, कानामागून कातडीखालून मानेत उतरते आणि पोटात जाते; जास्तीचं पाणी तिच्यातून पोटात उतरतं आणि तिथं जिरतं. कानामागं बोट फिरवलं की वाटाण्याएवढा उंचवटा लागतो. तिथं झडप आहे. ती बोलायला लागल्यावर त्याला ‘माझं बटण’ म्हणायची.

माझ्या नवऱ्याचं लासुर्ण्यात रस्त्याकडेला ट्रॅक्टरच्या वायरिंगचं दुकान आहे. त्यांना नळीचं काम लगेच समजलं आणि नळीचं भयही लगेच समजलं. पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, की ही कधीही तुंबू शकते. मुलगी ओकायला लागली, डोकं दुखतंय म्हणाली, सारखी झोपायला लागली, तर वाट बघू नका.

आम्ही कधीच वाट बघितली नाही. पण लहान मूल कशानंही ओकतं. शिळं खाल्लं, ऊन लागलं, गाडीत मागं बसलं, रडून रडून खोकला आला, ओकतंच. आणि ती ओकली की आम्ही बारामतीच्या रस्त्याला लागायचो. टाळू भरली नव्हती तोवर तिथून सोनोग्राफीनं डोक्यातलं दिसायचं. टाळू भरल्यावर सीटी स्कॅन सुरू झाले. आमच्याकडं सगळ्यालाच फोटो म्हणतात. हाताचा फोटो, छातीचा फोटो, तसा डोक्याचा फोटो.

त्या मशिनीत मोठी माणसं बिचकतात. माझी पोरगी बिचकायची नाही. टेबलावर चढून स्वतःच आडवी व्हायची, डोकं त्या खोबणीत ठेवायची, डोळे मिटायची आणि दगडासारखी पडून राहायची. फोटो काढणारा तंत्रज्ञ आमच्या ओळखीचा झाला होता. तो म्हणायचा, “असला पेशंट मोठ्यांच्यात बी घावत न्हाय, ताई.” मला तिचं कौतुक वाटायचं. बाकीच्या आया आपली पोरं कविता म्हणून दाखवतात, माझी फोटो काढताना हलत नाही, हे मी पाहुण्यांना सांगायची. रिपोर्ट चांगला आला की स्टँडबाहेर भेळ खायची आणि घरी यायचं, असा रिवाजच झाला होता. फिल्मा मोठ्या पाकिटांत घालून कपाटामागं उभ्या करून ठेवायच्या. पाकिटं वाढत गेली तसं कपाट भिंतीपासून पुढं सरकलं.

ती पहिलीत होती तेव्हा मला दुसऱ्यांदा दिवस गेले. कळसला माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. तिथं जेवण झाल्यावर मुलगी ओकली आणि डोकं धरून बसली. आम्ही हातातली आहेराची पिशवी तशीच माझ्या आईकडं टाकली आणि निघालो.

स्कॅनच्या खोलीत मी नेहमीप्रमाणं तिचा हात धरून आत जायला लागले, तर तंत्रज्ञानं मला अडवलं.

“ताई, इचारू का? काय इशेष हाय का?”

मी पदर सावरला आणि मान हलवली.

“मग तुमी भाइरच थांबा. दादा येतील आत.” त्यानं दारावरच्या पाटीकडं बोट केलं. गरोदर स्त्रियांनी आत जाण्यापूर्वी सांगावे, असं तिच्यावर लिहिलं होतं. ती पाटी मी इतक्या वेळा वाचली होती, की आता वाचणंच बंद झालं होतं.

“का वो?” मी विचारलं.

“किरणं असत्यात. पोटातल्या बाळाला नगं.”

मी मुलीच्या खांद्यावर हात ठेवून उभी होते. माझ्या तोंडातून आपोआपच निघालं, “मग हिला?”

त्यानं हात खाली घेतला. उद्धट माणूस नव्हता तो. म्हणाला, “हिला गरज हाय म्हणून करतोय, ताई. जास्तीचं मला न्हाय सांगता यायचं. डॉक्टरास्नी इचारा.”

ह्यांनी किरणं अडवणारा शिशाचा जड एप्रन अंगावर चढवला आणि मुलीला घेऊन आत गेले. दार लागलं. दाराच्या अलीकडं माझ्या पोटातलं लेकरू जपलं जात होतं आणि पलीकडं माझं दुसरं लेकरू न हलता पडून होतं. ती न हलण्याची जी गोष्ट मी सगळ्यांना सांगायची, ती त्या क्षणी मला सोसेना. मी बाकावर बसले आणि दोन्ही हात पोटावर ठेवले, मग काढून घेतले. पोटावर हात ठेवणंसुद्धा एकीकडं झुकणं वाटायला लागलं.

फोटो चांगला आला. लग्नातल्या जेवणानं पोट बिघडलं होतं, एवढंच. त्या दिवशी आम्ही भेळ खाल्ली नाही.

घरी मी ह्यांना विचारलं. ते बॅटरीच्या तारा सोलत बसले होते. म्हणाले, “एवढी वर्सं काढतोय फोटो. काय झालंय का तिला?”

“झालं तर आजच दिसंल का?”

ते तारा सोलत राहिले.

मी घरी ब्लाऊज शिवते. माप द्यायला येणाऱ्या बायका तासभर बसतात, त्यांच्याजवळ विषय निघायला वेळ लागत नाही. एकजण म्हणाली, फोटोनं काही होत नसतं, तिच्या सासऱ्यांचे गुडघ्याचे किती फोटो झाले. दुसरीनं तोंडावर हात ठेवला. “न्हाय बाई. माझ्या मावसभावाच्या पोराला फोटो काढून काढूनच गाठ झाली.”

“गाठ आधी झाली का फोटो आधी काढलं?” मी विचारलं.

ती विचारात पडली. “ते काय मला म्हाईत न्हाय. पर झाली.”

पुढं कळलं, की त्या मुलाला गाठ आधी झाली होती आणि ती शोधायलाच फोटो काढले होते. पण तोवर ते वाक्य माझ्या सासूबाईंच्या कानावर पडून गेलं होतं. त्यांना मी अम्मा म्हणते. अम्मा शिकलेल्या नाहीत, पण एकदा ठरवलं की ठरवलं. संध्याकाळी त्यांनी मुलीला मांडीवर घेतलं आणि जाहीर केलं, “आता ह्या पोरीचा फोटो काढायचा न्हाय. बास झालं.”

मग मी फोनवर शोधायला लागले. एका व्हिडिओत एक बाई सांगत होती, की सीटी म्हणजे साध्या एक्स-रेच्या कितीतरी पट किरणं. दुसऱ्यात एक माणूस म्हणत होता, की हे सगळं घाबरवण्याचं आहे. तिसरा अंगातली किरणं बाहेर काढायचं चूर्ण विकत होता. मी फोन ठेवून दिला, पण डोक्यातून जाईना. मुलगी झोपली की तिच्या केसांतून हात फिरवायची आणि बटण चाचपायची. नळी तुंबण्याची भीती मला सवयीची होती. तिला रूप होतं, ओकारी होती, डोकेदुखी होती. ही नवी भीती तशी नव्हती. ती दिसणारच नव्हती. मुलगी मोठी होणार, तिचं लग्न होणार, तिला पोरं होणार, आणि मग कधीतरी, किंवा कधीच नाही.

बारामतीचे आमचे मुलांचे डॉक्टर साठीच्या पुढचे आहेत. हळू बोलतात. गर्दीत मी त्यांना म्हटलं, मला थोडं बोलायचंय, तर म्हणाले, दुपारी या, मी जेवायला जायच्या आधी. मी एकटीच गेले. जाताना एसटीत वाक्य जुळवत होते, पण खुर्चीत बसल्यावर सरळ विचारलं, “डॉक्टर, त्या फोटोंनी माझ्या पोरीला कॅन्सर होईल का?”

मला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“होणार नाही, असं मी छातीठोक सांगू शकत नाही, ताई. होईल, असंही नाही. होण्याची शक्यता थोडी वाढते. एका स्कॅननं फारच थोडी. पण स्कॅन वाढतील तशी तीही वाढते.”

“मोठ्या माणसावानीच?”

“लहान मुलांत जरा जास्त. त्यांचं शरीर वाढत असतं, पेशी नव्या होत असतात, म्हणून त्या नाजूक. आणि पुढं सगळं आयुष्य पडलेलं असतं. ज्याला काही व्हायला वेळ लागतो, त्याला लहान मुलाकडं वेळ असतो.”

हे शेवटचं वाक्य ते माझ्याकडं न बघता बोलले.

मी विचारलं, ती किरणं तिच्या डोक्यात साठलीत का, ती काढता येतात का. ते म्हणाले, “साठत नाहीत. आली तशी निघून गेली. जाताना एखाद्या पेशीत बिघाड करून गेली असतील, तर बहुतेक वेळा शरीर तो स्वतःच दुरुस्त करतं. एखाद्या वेळी करत नाही. कुठल्या मुलाचं करणार नाही, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. आणि चूर्णबिर्ण काही घेऊ नका.” त्या चूर्णाचं मी त्यांना सांगितलंही नव्हतं. बहुतेक माझ्या आधी कुणीतरी विचारलं असणार.

“मग हे आधीच का न्हाय सांगितलं?”

माझा आवाज चढला होता. बाहेर कंपाउंडर बोलायचा थांबला.

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “सांगायला हवं होतं,” ते म्हणाले. “आम्हाला भीती वाटते. सांगितलं तर आईबाप नको म्हणतील. आणि ज्या दिवशी खरंच लागेल, त्या दिवशीही नकोच म्हणतील. तिची नळी तुंबली आणि आपल्याला कळलं नाही, तर ती पोर एका दिवसात हातची जाईल, ताई. ती भीती आजची आहे. कॅन्सरची भीती लांबची आहे आणि लहान आहे. दोन्ही खऱ्या आहेत, पण सारख्या नाहीत.”

“म्या न्हाय म्हणणार न्हाय,” मी म्हटलं. “पर मला इचारता तर आलं पायजे.”

“विचारा. दर वेळी विचारा. हा स्कॅन का पाहिजे, त्यानं पुढचं काही बदलणार आहे का, दुसऱ्या कशानं भागेल का.”

मग मला जे सगळ्यात जड वाटत होतं ते विचारलं. मागचे सगळे गरजेचे होते का?

“काही नसते केले तरी चाललं असतं,” ते म्हणाले. “हे आज म्हणता येतं. त्या त्या दिवशी ती समोर ओकत होती आणि तुम्ही दोघं समोर उभे होता.”

त्यांनी माझ्यासमोरच पुण्याच्या सर्जनला फोन लावला. दोघांचं इंग्रजीतून बराच वेळ बोलणं झालं. मग त्यांनी मला ठरलेलं सांगितलं. नुसती ओकारी झाली म्हणून लगेच स्कॅन नाही. आधी ते स्वतः तपासतील, डोळ्यांच्या आत दाब दिसतो का बघतील. नेहमीच्या तपासणीसाठी एमआरआय करू, त्यात ही किरणं नसतात. फक्त त्यातल्या चुंबकानं झडपेचं माप हलू शकतं, म्हणून तो झाल्यावर ते बघून घ्यावं लागेल. आणि सीटी करावाच लागला तर मशीन मुलांच्या बेतानं लावायचं आणि लागेल तेवढ्याच भागाचा काढायचा, हे ते स्कॅन सेंटरला सांगतील.

परत येताना मला हलकं वाटत नव्हतं. ते ‘काही होत नाही’ म्हणाले असते तर हलकं वाटलं असतं, पण मग मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नसता.

त्यानंतर बरेच दिवस बरे गेले. मुलगा झाला. मुलगी एकदा तापानं फणफणली आणि ओकली; डॉक्टरांनी डोळ्यांत बघितलं, मान वाकवून बघितली, घसा बघितला आणि म्हणाले, घसाच आहे. आम्ही औषध घेऊन घरी आलो. अम्मांना वाटलं, त्यांचंच म्हणणं खरं झालं. मीही तसं वाटू दिलं. घरात शांतता होती.

मग ती तिसरीत असताना, ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात होता तेव्हा, एका सकाळी मी तिची वेणी घालत होते. रोज ती वेणी घालताना सतरा तक्रारी करते, केस ओढले, उजवी वेणी वर गेली. त्या दिवशी काही बोलली नाही. तिचं डोकं माझ्या हातात जड लागत होतं. मी तिला समोर वळवलं आणि म्हटलं, “वर बघ.” तिनं बघायचा प्रयत्न केला. डोळे वर जाईनात. मग ती ओकली. मळमळत नव्हतं, पोट धरलं नाही, एकदम ओकली आणि माझ्या मांडीवर कलंडली.

सामान आणायला हे इंदापूरला गेले होते. दुकानासमोर एक तात्या ट्रॅक्टर दुरुस्तीला घेऊन बसले होते, शेजारच्या वस्तीवरचे बागायतदार. मी त्यांना हाक मारली तसे ते उठून घरी जाऊन जीपच घेऊन आले. मी मुलीला घेऊन पुढं, अम्मा बाळाला घेऊन मागं. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक चालल्या होत्या, वर मोठ्यानं गाणी लावलेली. सणसरच्या अलीकडं दोन जोडट्रॉल्यांच्या मागं आम्ही अडकलो. तात्या हॉर्न वाजवून थकले आणि शेवटी खिडकीतून बाहेर वाकून ओरडले, “आरं बाजूला घी! पोरगी हाय आजारी!” पुढच्यानं कडेला घेतलं. तो उतरून आमच्याकडं बघत उभा राहिला.

डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि ते पहिल्यांदाच भराभर बोलले. “सीटी करायचा. आत्ता.”

“एमआरआय?” मी म्हटलं.

“तिथं आत एक पेशंट आहे. त्यानंतर हिची तयारी, तेवढा वेळ ती स्थिर राहिली पाहिजे, नाहीतर भूल. तेवढा वेळ आपल्याकडं नाही.”

अम्मा मध्ये आल्या. एका खांद्यावर बाळ, दुसरा हात मुलीच्या पायावर. “न्हाय! तुमीच म्हणला हुता न्हवं, त्यानं रोग हुतो म्हणून? आता कशापायी? औषध द्या, सुई टोचा. फोटो न्हाय!”

डॉक्टर माझ्याकडं बघत होते.

मी त्या दिवसाचा पुष्कळ विचार केला आहे. लोकांना वाटतं अशा वेळी मनात खूप काही चाललेलं असतं. माझ्या मनात काही चाललं नव्हतं. जे शिकले होते, तेवढंच तोंडी आलं. “ह्या फोटोनं म्होरचं ठरणार हाय का?”

“हो. तुंबलं असेल तर इथूनच पुण्याला. ऑपरेशनची तयारी तिकडं आत्ताच सुरू करायला सांगतो.”

“मग करा.”

“पोरी!” अम्मा ओरडल्या.

“अम्मा, तुंबलं असंल तर आजच जाईल ती,” मी म्हटलं. “म्होरचं म्होरं बघू. आधी म्होरं जाऊ तर द्या तिला.”

त्या खाली बसल्या. बाळ रडायला लागलं.

ह्या वेळी एप्रन मी घातला. तो इतका जड असतो हे मला माहीत नव्हतं. तंत्रज्ञ तोच होता. त्यानं मशीन लावताना मागं वळून मला सांगितलं, “ल्हान पोरांचंच लावलंय, ताई.” त्याला कुणी विचारलं नव्हतं. मुलीला हलू नको म्हणायची गरज पडली नाही. ती हलण्यासारखी नव्हतीच. मी तिचं पाऊल धरून उभी राहिले आणि मनात म्हणत होते, हल, जरा तरी हल.

नळी तुंबली होती.

ॲम्ब्युलन्समध्ये मी आणि ती. फोनवर कळल्यावर हे इंदापूरहून हायवेनं सुटले आणि पाटसजवळ आम्हाला गाठून ॲम्ब्युलन्समध्ये चढले. त्यांनी तिच्या कानामागं बोट ठेवलं आणि पुण्यापर्यंत काढलं नाही. अम्मा बाळाला घेऊन तात्यांच्या जीपनं मागून आल्या. अम्मांनी पुणे त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

ऑपरेशन त्याच दिवशी झालं, तुंबलेला भाग काढून नवा घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले. वर बघ म्हटल्यावर छताकडं बघितलं आणि पंखा किती मळलाय म्हणाली. ह्यांना रडू आलं. ते तोंड धुवायच्या निमित्तानं बाहेर गेले.

सर्जन राउंडला आले तेव्हा अम्मा कोपऱ्यातून उठल्या. आदल्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी सर्जनला विचारलं, “डाक्टर, एवढं फोटो झालं. मोठेपणी हिचं काय हुईल?”

सर्जन तरुण होते, घाईत होते. पण थांबले. म्हणाले, “मोठी होईल, आजी.”

अम्मा त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, “काल धरनं तू काय खाल्लं न्हाईस. चल.” त्याहून जास्त आमच्यात त्यावर आजवर बोलणं झालेलं नाही.

ह्याला आता काही वर्षं झाली. मधल्या काळात आणखी एकदा सीटी करावा लागला, बाकी एमआरआयवर भागलं. त्या मशिनीत धडधड फार होते आणि बराच वेळ पडून राहावं लागतं. आता तिला ते जमतं, पण ती तक्रार करते. मला तिची तक्रार ऐकायला आवडते.

मी पुष्कळदा विचार करते, की पुढं मागं तिला काही झालंच, तर ते ह्या फोटोंमुळं की आणखी कशामुळं, हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि काहीच झालं नाही, तरी ते कशामुळं टळलं हेही कळणार नाही. तेव्हा मी नसेन कदाचित. आई म्हणून माझ्या पदरात पूर्ण हिशोब पडणारच नाही. सुरुवातीला ह्या विचारानं मला घाम फुटायचा. आता तो विचार घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या पाहुण्यासारखा झालाय. असतो कोपऱ्यात. त्याला जेवायला वाढायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

मला एवढंच वाटलं, की हे तिला माहीत पाहिजे. डोकं तिचं आहे. मोठी झाल्यावर कुण्या डॉक्टरसमोर बसली तर तिला स्वतःविषयी सांगता आलं पाहिजे. गेल्या वर्षी मेथी निवडता निवडता मी तिला जमेल तसं सांगितलं. फोटोत किरणं असतात, ती का काढावी लागली, त्यानं काय होऊ शकतं, बहुतेक काही होत नाही.

ती देठं मोडत ऐकत होती. “म्हंजी मला कॅन्सर होणार?”

“न्हाय. होणार असं न्हाय. थोडी शक्यता वाढती.”

“थोडी म्हंजी किती?”

“डॉक्टर म्हणत्यात, थोडी.”

“अन् फोटो काढलं नसतं तर?”

मी तिला त्या सकाळच्या वेणीचं सांगितलं. तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तिनं थोडा विचार केला. “मग काढलं ते बरं केलं,” ती म्हणाली, आणि लगेच, “पण आता मला इचारून काढायचं.”

“व्हय,” मी म्हटलं. “इचारून.”

ह्या हिवाळ्यात तिच्या शाळेची सहल सुप्याला गेली, अभयारण्यात चिंकारा हरणं बघायला. पाठवायचं की नाही ह्यावर घरात दोन दिवस खल झाला. अम्मा म्हणाल्या, जाऊ दे, सगळी पोरं चाललीत. बाईंना सगळं समजावून सांगितलं, टोपी दिली, पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या. दिवेलागणीच्या आधी बस आली आणि ती उतरली ती डोकं धरूनच. “अम्मी, डोकं दुखतंय.”

ह्यांनी दुकानातून बघितलं आणि हातातली पक्कड खाली ठेवली. मी तिला खाटेवर बसवलं. वर बघायला लावलं, बघितलं तिनं. चालून दाखव म्हटलं, चालली. ओकली नव्हती. बाटल्या उघडून बघितल्या तर दोन्ही भरलेल्या तशाच. टोपी पिशवीत, घडी न मोडलेली. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एक एक करून विचारलं, मी सांगत गेले. ते म्हणाले, “पाणी पाजा, थोडं झोपू द्या. तासाभरानं उठवून बघा. ओकली, उठवूनही नीट जागी झाली नाही किंवा डोळे वर जाईनात, तर तशीच घेऊन या, मी आहे.”

ती झोपली. ह्यांनी गाडीची चावी खिशात घातली आणि दाराशी बसले. अम्मा जपमाळ घेऊन पायथ्याशी बसल्या. मुलगा, त्याला काही कळत नव्हतं, तो बहिणीची टोपी घालून घरभर फिरत होता. मी मशिनीवर एक ब्लाऊज घेतला, पण बाही उलटी लावली आणि उसवत बसले.

मी तिला उठवलं तेव्हा ती वैतागली. “झोपू दे की,” म्हणाली. मग स्वतःच उठून बसली आणि विचारलं, जेवायला काय आहे. भाकरी आणि पिठलं होतं. तिनं दोन भाकरी खाल्ल्या. ह्यांनी विचारलं, “चिंकारा दिसली का?”

“लांब हुती,” ती तोंडात घास घेऊनच सांगायला लागली. “बाई म्हणल्या गप बसा, तर पोरं गप बसनात. सगळी हरणं पळाली. मग माघारी येताना बसच्या खिडकीतनं एकच दिसली, एकटीच. लई बारीक पाय असत्यात तिचं, अब्बा.”

“अजून पिठलं घी,” अम्मा म्हणाल्या, आणि तिच्या ताटात वाढलं.